माय, तुला मी एक्केचाळीस दिवस झोपवून ठेवलं

प्रिय माय,

आत तुझी सून शेवंता ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि बाहेर बाकावर मी. पावणेनऊला तिला आत नेलं. दीड-दोन तास लागतील, असं डॉक्टर म्हणाले. हातात काम नसलं की मला सुचेनासं होतं हे तू जाणतेस, म्हणून खिशातली वही काढली आणि तुला लिहायला बसलो. तीन वर्षांपूर्वी तुझ्यासाठी याच बाकावर बसलो होतो. मधल्या काळात त्याला हिरवा रंग दिलेला दिसतो. जुना न खरवडताच वर मारला आहे, दोन जागी पोपडे आलेत.

तू होतीस तेव्हा तुला एक पत्र लिहिलं नाही. लिहायचो ते धनराजच्या नावानं, आणि खाली शेवटी 'मायला नमस्कार'. धाकट्या भावाला पानभर आणि तुझ्या वाट्याला दोन शब्द! तुला वाचता येत नव्हतं म्हणून काय झालं, धनराजनं वाचून दाखवलंच असतं की. आजचं पत्र मात्र अख्खं तुझं.

आधी हे सांगतो: काळजी करू नको. शेवंता बरी होणार. पाच आठवडे तिची तयारी मी स्वतः मोजून करून घेतली आहे, म्हणून एवढ्या भरवशानं लिहितो. तिलाही तुझ्यासारखेच पित्ताच्या पिशवीत खडे झाले. ऑपरेशन तेच, उजव्या बरगडीखालची चीरही तीच. सगळं सारखं असताना तुझं तसं का झालं आणि हिचं तसं का होणार नाही, ते तुला सांगायचं आहे. तीन वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही.

तू गावाहून भिलाईला आलीस तेव्हा काय होतीस, माय! पोटात कळ उठायची, तासभर तू गुडघे पोटाशी घेऊन पडायचीस, आणि कळ ओसरली की पिशवी उचलून सुपेल्याच्या बाजाराला पायी. जाताना रिकामी, येताना डोक्यावर भोपळा. चुलबंद नदीच्या काठी चाळीस वर्षं चिखलात भाताची रोवणी केलेले पाय ते! आमच्या क्वार्टरपुढच्या डांबरी सडकेची तू थट्टा करायचीस. "वामन, हिच्यात पाय फसत नाही न काही नाही. मंग मानसाले समजते कसं का आपन चालून राहिलो?"

डॉक्टरांनी तुला तपासलं आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. "सूजन उतरने दो. आराम कराओ, भारी सामान मत उठाने दो." एवढंच ते म्हणाले. त्यापुढचं सगळं शहाणपण माझं.

माझं शहाणपण कुठून आलं तेही लिहितो, कारण त्याचा मला फार अभिमान होता. चौथी पास माणूस मी. इथल्या पोलाद प्लांटची पहिली भट्टी उभी राहत होती तेव्हा तंबूत राहून कामाला लागलो. ड्रॉइंग वाचायला कोणी शिकवलं नाही; रशियन साहेबाच्या मागे उभा राहून, त्याचं बोट कोणत्या रेघेवर फिरतं ते बघून शिकलो. मोजमापाची इंग्रजी नावं रात्रपाळीत पाठ केली. आज क्रेन मेंटेनन्समध्ये मी घेतलेलं माप कोणी दुसऱ्यांदा घेत नाही.

तर आमच्याकडे रीत अशी. क्रेनचं एखादं बेअरिंग आवाज करायला लागलं की स्विचवर लाल पाटी टांगायची. पाटी टांगली की क्रेन बंद, दुरुस्ती होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. कारण खराब बेअरिंग चालवत राहिलं तर शाफ्टही खाऊन टाकतं. या पाटीपुढे फोरमनचंसुद्धा चालत नाही.

तशी पाटी मी तुला टांगली, माय.

खाट आतल्या खोलीत, भिंतीला लावून. भांडं खाटेखाली. आंघोळ म्हणजे शेवंतानं ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. जेवण खाटेवर. कॅलेंडरवर रोज मी एक फुली मारायचो आणि मनात म्हणायचो, आणखी एक दिवस शाफ्ट वाचला.

तू म्हणायचीस, "कावून रे बाबू, मले अंगनात तरी जाऊ दे. तुळशीले पानी घालतो अन् येतो."

"नाही. ऑपरेशन झालं का मंग पाहिजे तितकी फिर."

"अरे, पाय धरून आले माहे."

"मशीन बंद हाये म्हनजे बंद हाये, माय."

आणि तू हसायचीस! शेजारची बिसाहिन बघायला आली की तिला कौतुकानं सांगायचीस, "माहा वामन मशीनीचा डाक्टर हाये. रशियन साहेब बी त्याचं आयकते." असं म्हणून पुन्हा आडवी व्हायचीस. गावच्या पोलीस पाटलाला भर चावडीत 'तुह्या तोंडाले कुलूप लाव' म्हणणारी बाई तू. माझ्यापुढेच का गप्प बसलीस? एकदा तरी ओरडायचं होतं! भांडं फेकून मारायचं होतं! मुलाचा अभिमान असावा माणसाला, पण त्यापायी खाटेवर पडून राहावं एवढा?

एकदा शेवंतानं तुला गुपचूप मागच्या अंगणात नेलं होतं, मी फर्स्ट शिफ्टला असताना. घरी आलो तर तुझ्या पायाला माती लागलेली दिसली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही ना! किती बोललो मी शेवंताला. त्यानंतर तिनं ते धाडस केलं नाही, आणि तूही मागितलं नाहीस.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. सात खडे निघाले, सगळ्यात मोठा हरभऱ्याएवढा. बाटलीत घालून दिले ते मी मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी दोघी सिस्टरनी तुला उठवून बसवलं, तर तुझे पाय पाण्यातल्या बोरूसारखे थरथरायला लागले. मांडी पाहिली मी तुझी. रोवणीत सगळ्यांच्या पुढे असणारी ती मांडी, माझ्या मनगटाएवढी! चिरेच्या भीतीनं तू खोल श्वास घेईनास. खोकायची ताकद नव्हती. कफ छातीत साचत गेला, ताप चढला. नवव्या दिवशी दुपारी, पहिली पाळी सुटल्याचा भोंगा होण्याआधी, तू गेलीस.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. "ऑपरेशन में कोई कमी नहीं थी। अम्मा घर में कितने दिन लेटी रही?"

मी छाती काढून आकडा सांगितला. माय, छाती काढून! "एक्केचाळीस दिन, साब. एक भी दिन उठने नहीं दिया."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अब किसी को ऐसे मत लिटाना," एवढंच म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

ते ऐकायला तिथे फक्त मी होतो. गावाहून धनराज आला तेव्हा त्याला मी काय सांगितलं? "मायचे दिवस भरले होते, बाबू. दवाखान्यात कोनाचं काय चालते." धनराजनं त्यातला 'दवाखाना' तेवढा उचलला. गावभर झालं, भिलाईच्या दवाखान्यात माणूस चालत जाते अन् खांद्यावर येते. हे माझ्या कानावर येत राहिलं, आणि मी येऊ दिलं. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर चढू देणारा फिटर मला माझ्या हाताखाली चालला नसता.

आता शेवंताचं ऐक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला पहिली कळ आली, आणि त्या महिन्यात आणखी तीन. दवाखान्यात गेलो, फोटो काढला, आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. घरी आलो. काही न बोलता तिनं आतल्या खोलीत भिंतीला लावून तीच खाट टाकली आणि तिच्यावर जाऊन पडली.

"हे काय?" मी म्हणालो.

"तुमी सांगाच्या आधीच झोपतो मी. उगा तुमचा आवाज चढाले नोको. कुसुमले तेवढा भात वाढाले सांगा." कुसुम, तुझी थोरली नात. आता चौदाची झाली, तुझ्यासारखी नाकावर राग असलेली.

मी काय करायला हवं होतं? हात धरून उठवायला हवं होतं तिला त्याच क्षणी. डॉक्टरांचं ते एक वाक्य तीन वर्षं माझ्या कानात होतं. पण तिला 'ऊठ' म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, 'मंग मायले कावून झोपवलं?' ते एक उत्तर द्यावं लागू नये म्हणून मी दोन दिवस गप्प राहिलो. दोन दिवस, माय! बायको मायच्याच वाटेनं चाललेली दिसत होती, आणि मी माझी इज्जत सांभाळत बसलो होतो. डॉक्टरांच्या चिट्ठीवर लिहिलं होतं म्हणून तिसऱ्या दिवशी तिला कसरतीच्या खोलीत न्यावं लागलं, नाहीतर किती दिवस गप्प राहिलो असतो ते मला सांगता येत नाही.

ही खोली तुझ्या वेळी नव्हती. भिंतीला लाकडी दांडे, दोन उंच बाकं, आणि कुरियन नावाची केरळची एक बाई. बारीक अंगाची, पण आवाज आमच्या भोंग्याच्या तोडीचा. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माणसाकडून कसरत करून घेणं हे तिचं काम.

"चल के आई?" तिनं शेवंताला विचारलं.

उत्तर मी दिलं. "रिक्शा से लाया. चलने नहीं दिया."

"क्यों? टाँग टूटी है?"

मला राग आला. मी तिला आमच्या लाल पाटीची गोष्ट ऐकवली; बेअरिंग, शाफ्ट, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अच्छा. तो क्रेन का बड़ा काम करना है, तब बंद करने से पहले कुछ नहीं करते? सीधा बंद, सीधा खोल दिया?"

असा प्रश्न माझ्यासारख्याला विचारायचा! मी खुर्ची पुढे ओढली. म्हणालो, बाई, सीधा खोलणारा फिटर एका दिवसाचं काम चार दिवस करतो. आम्ही महिना आधी लागतो. नवी चाकं आणून मापून ठेवतो. जॅक वजन टाकून तपासतो. जुन्या बोल्टांना आठ दिवस रोज रॉकेल पाजतो, म्हणजे त्या दिवशी ते अडत नाहीत. आणि हे सगळं होईपर्यंत क्रेन हलकी हलकी चालू ठेवतो, कारण क्रेन खूप दिवस उभी राहिली की जाम...



शेवंता माझ्याकडे बघत होती. कुरियन बाईही.

"हाँ, बोलिए," बाई म्हणाली. "खड़ी रही तो जाम हो जाती है. फिर?"

फिर काय, माय! तीस टनांची क्रेन मला कळत होती आणि आपली माय कळली नाही. अर्धी रीत तुला लावली मी. पाटी टांगायची तेवढी लक्षात ठेवली आणि पाटीच्या आधीचा अख्खा महिना विसरलो.

येताना रिक्शा केली नाही.

कामं तीन दिली होती बाईनं. रोज चालायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. आणि श्वास. तिनं नीट समजावलं: चीर बरगडीखाली पडते, मग माणूस दुखण्याच्या भीतीनं वरच्या वर श्वास घेतो, छातीचा खालचा भाग वापरतच नाही, आणि कफ तिथे घर करतो. म्हणून आत्ताच, दुखत नसताना, खोल श्वासाची आणि खोकायची सवय लावायची. ऑपरेशननंतर नवं काही शिकायचं त्राण कोणात असतं?

ते घरी मी वहीत मांडलं. क्वार्टरच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं: एकशे चौऱ्याहत्तर मीटर. पहिल्या आठवड्यात जाऊन-येऊन दोन खेपा, दुसऱ्यात चार, पुढे सेक्टर 10 च्या चौकापर्यंत. कळ आलीच तर त्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी एक खेप कमी. तळलेलं बंद. मी ड्युटीवरून आलो की आम्ही निघायचो, ती पुढे, मी मागे मोजत.

बिसाहिन तिच्या दारातून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिच्या छत्तीसगढीत म्हणायची, "देख तो दाई, बीमार ल दउड़ावत हे!"

शेवंता वळून तिच्याच बोलीत म्हणायची, "दउड़न दे ओ बिसाहिन! अठरा साल म पहिली बार संग म घूमे बर निकले हे!"

मागे बघून मला म्हणायची, "लगनात फेरे घेतले तवा बी तुमी मोजत होते काय?"

"सात होते," मी म्हणालो.

"मोजले म्हनजे!"

श्वासाच्या कसरतीसाठी बाईकडे एक यंत्र होतं. काचेच्या दोन बाटल्या, बुचातून नळ्या, एका बाटलीतलं पाणी फुंकरीनं दुसरीत ढकलायचं. पण ते वॉर्डातल्या रोग्यांना लागायचं, घरी मिळणार नव्हतं. पाच मिनिटं मी ते हातात घेऊन पाहिलं. रविवारी दुर्गला जाऊन दोन सारख्या बाटल्या, रबरी बुचं आणि नळी आणली. बुचांना प्रत्येकी दोन भोकं पाडली. पहिल्या दिवशी शेवंता फुंकून दमली तरी पाणी हलेना. कुसुम हसायला लागली. "बाबा, तुमची मशीन फेल!" कान लावून ऐकलं, तर दुसऱ्या भोकाशी हवा सुटत होती, केसाएवढी फट. मेण वितळवून बुजवली. पाणी धावलं.

पातळी दिसावी म्हणून शेवंतानं पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं. मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून दहा खुणा केल्या. पहिल्या दिवशी एका फुंकरीत दोन खुणा. ती नुसते गाल फुगवायची. बाईनं बरगड्यांवर हात ठेवून 'इधर से, इधर से' करत शिकवलं, मग चार. पाचव्या आठवड्यात नऊ. दहावी काही केल्या गाठली नाही, तेही वहीत लिहून ठेवलं आहे. न झालेलं झालं म्हणून लिहायची सवय मला नाही.

सगळ्यात गंमत खोकण्याची. उशी पोटाशी घट्ट धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि पोटातून खोकायचं. रोज संध्याकाळी दहा वेळा. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडचे बाबू काळजीनं विचारायला आले, घरात कोणाला क्षय तर नाही ना!

हिचा रंग बदलला, माय. दवाखान्याचा जिना चढताना धाप लागायची ती थांबली. खुर्चीवरून उठते कशी, तर तू भारा डोक्यावर घेऊन उठायचीस तशी, एका दमात.

परवा, भरती व्हायच्या आदल्या दिवशी, केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "अजी, मायच्या वक्ताले ही बाई नव्हती काय?"

"नव्हती," मी म्हणालो.

बाई नव्हती हे खरंच. पण मी होतो, आणि माझ्यामुळे काय झालं ते मी बोललो नाही. तिनं कंगवा ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

दहा वाजून चाळीस मिनिटं. दार उघडलं. थांबतो.

माय, पुढचं बारा दिवसांनी लिहितो आहे, घरी बसून.

त्या दिवशी दारातून आलेले डॉक्टर 'सब ठीक' म्हणाले. चार खडे निघाले. संध्याकाळी शेवंता शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली असेल? "उशी कुठं हाये?" उशी धरली, डोळे मिटले आणि खोकली. डोळ्यांतून पाणी आलं, मला दोन शिव्या बसल्या, पण खोकली. दर दोन तासांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियन बाई आली, एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं सिस्टर. शेवंतानं पाय खाली सोडले.

मी त्या पायांकडेच बघत होतो. थरथरले. मग थांबले. ती उभी राहिली.

"देखो, अब मशीन चालू है," बाई मला म्हणाली. मी तोंड फिरवलं, कारण तिनं माझे डोळे पाहू नयेत असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी खिडकीपर्यंत, चौथ्या दिवशी वॉर्डाच्या दारापर्यंत. छाती स्वच्छ. सगळं वहीत आहे. पण वहीत एक पान मी आधीच दुमडून ठेवलं होतं: नववा दिवस. तो जाईपर्यंत मला कशाचाच भरवसा नव्हता. वरवर मी सगळ्यांना ठणकावून सांगत होतो, आणि आतून ते दुमडलेलं पान धरून बसलो होतो.

नवव्या दिवशी रजा टाकली. सकाळपासून तिच्या खाटेशी बसलो. टाके काढले, कोरडे होते. दुपारी पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला. शेवंता मोसंबी सोलत होती.

"काय इतकं पाहून राहिले माह्याकडे? सकाळपासून पाहून राहिली मी."

मग मी सांगितलं. एक्केचाळीस दिवसांचं, व्हरांड्यातलं, धनराजला काय म्हणालो ते. मोजून, काही न गाळता. आवाज स्थिर ठेवायचा प्रयत्न केला. 'एक्केचाळीस' या शब्दावर तो राहिला नाही.

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"कोनी सांगितलं?"

"मायनंच."

माय, हातातली वही खाली पडली माझ्या.

तुझ्या ऑपरेशननंतरच्या सातव्या दिवशी, म्हणाली, मी पाणी आणायला गेलो असताना तू तिला जवळ बोलावलंस. तापात होतीस, पण शुद्धीत. म्हणालीस, "शेवंता, खाटेनं माहे पाय नेले. पन वामनले सांगजो नोको. तो मशीनीच्या उंच शिडीवर चढते. मनात हे घेऊन चढंल त हात सुटंल त्याचा."

"मंग तू तीन साल कावून नाही बोलली?" मी विचारलं.

"मायचा शब्द होता. अन् तुमी चढूनच राहिले होते न शिडीवर." तिनं मोसंबीची फोड माझ्या हातात ठेवली. "मी खाटेवर जाऊन झोपली ते कावून, समजलं नाही तुमाले? तुमच्या तोंडून 'ऊठ' आयकाचं होतं मले. दोन दिवस वाट पाह्यली. मंग बाईनं उठवलं."

मी फोड खाल्ली.

माय, तुझ्यावर रागावू की पाया पडू? छाती भरून आलेली, श्वास पुरत नाही, आणि तुला माझ्या शिडीची काळजी! मला सांगायचं होतंस. शिव्या घालून सांगायचं होतंस. रडलो असतो, आठ दिवस कामावर गेलो नसतो, पण तीन वर्षं खोटं घेऊन चढलो नसतो. तू समजत होतीस तेवढा कच्चा नाही मी. काल पुन्हा ड्युटीवर गेलो, सगळं मनात घेऊन वर चढलो. अठ्ठ्याण्णव पायऱ्या. हात सुटला नाही. उलट पकड बरी होती.

परवा धनराजचं पत्र आलं. त्याची बायको जनाबाई वर्षभर पोट धरून बसते. तिकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण ती इकडे यायला तयार नाही. 'मायचं झालं ते पाह्यलं आमी,' असं धनराजनं लिहिलं आहे. ते वाक्य माझंच आहे, माय. मीच त्याच्या हातात दिलं होतं.

तर माझं वचन ऐक. शेवंताला डॉक्टरांनी प्रवासाची मोकळीक दिली की आम्ही दोघं गावी येतो. सडकेवर मोटारीतून उतरलो की घरापर्यंत ती पायी चालत येईल, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. तू पोलीस पाटलाला जिथे सुनावलंस त्या चावडीवर उभा राहून मी सांगेन, की दवाखान्यानं माझ्या मायला मारलं नाही. मी तिला झोपवून ठेवलं, मोजून एक्केचाळीस दिवस. धनराज शिव्या देईल. देऊ दे, त्याचा हक्क आहे. तो दमला की जनाबाईला बांधावर चालवायला लागेन. रोज, महिनाभर, तिच्या मागे मागे. आणि या वेळी ती म्हणेल 'पाय दुखून राहिले', तर थांबेन आणि तिचं ऐकेन.

तुझा,
वामन